पाहुण्यांना गड दाखविताना



आज खतांबद्दल बोलायचे नाही, की भातावरच्या करप्याबद्दलही नाही. ज्यांची गावे डोंगराच्या पायथ्याशी आहेत आणि ज्यांच्या खाचरांच्या बांधावरून शनिवार-रविवारी पाठीवर पिशव्या अडकवलेली मंडळी गडाकडे जातात, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे. या मंडळींना वाट दाखवायला आपल्यातले पुष्कळ जण जातात. कोणी जेवण करून घालते, कोणी पडवीत झोपायला जागा देते. चार पैसे मिळतात. काही गावांत तर भाताच्या जोडीला हे दुसरे पीकच झाले आहे म्हणा ना! पण पिकाची जशी एक रीत असते तशी या कामाचीही आहे. ती सांभाळली नाही तर इथे दाणे जात नाहीत, माणूस जातो.

उदाहरण म्हणून हरिश्चंद्रगड घेऊ. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या शिवेवर हा गड आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर. वर हरिश्चंद्रेश्वराचे जुने दगडी देऊळ, शेजारी पुष्करणी, जवळच केदारेश्वराची गुहा. गुहेत भलेमोठे शिवलिंग, त्याभोवती कमरेइतके गार पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत राहिलेला. पश्चिमेला कोकणकडा. हा सारा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. गडावर जायच्या वाटा पुष्कळ. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी. खिरेश्वरहून तोलार खिंडीने जाणारी लांब आणि दमवणारी. बेलपाड्याकडून येणारी नळीची वाट तर पट्टीच्या चढणाऱ्यांचीच, तिच्याबद्दल आज बोलत नाही.

गेल्या भाद्रपदात आम्ही सहा मित्र पाचनईच्या वाटेने निघालो होतो. सगळे पन्नाशी ओलांडलेले, एक तर साठीच्या पुढचा. बरोबर गावातलाच एक शेतकरी वाटाड्या आणि त्याचा पुतण्या. तो दिवस मुद्दाम सांगतो, कारण त्या वाटाड्याने जे जे केले ते तुम्हाला जसेच्या तसे उचलता येईल.

निघण्याआधी त्याने आम्हाला ओट्यावर बसवले आणि चहा देता देता विचारपूस केली. कोणाला रक्तदाब आहे का, साखर आहे का, छातीत कधी दुखले आहे का, दम लागतो का, गोळ्या कोणत्या चालू आहेत आणि त्या बरोबर घेतल्या आहेत का. शहरातला माणूस चारचौघांत अशी गोष्ट सांगायला लाजतो. हसत-खेळत विचारले की सांगतो. मग त्याने आमच्या पायांकडे पाहिले. एकाच्या बुटांचे तळवे गुळगुळीत झाले होते. त्याला बोल न लावता स्वतःच्या मागोमाग चालायला सांगितले आणि हातात काठी दिली. प्रत्येकाजवळ पाणी किती, बॅटरी आहे का, सुके कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले आहेत का, हेही पाहून घेतले. शेवटी सर्वांना ऐकू जाईल असे एक वाक्य बोलला: “साडेबाराला आपण जिथं असू तिथून मागं फिरायचं, आणि मी मधी कुठं मागं फिरा म्हटलं तर तिथून फिरायचं. कबूल असेल तर चला.” आम्ही कबूल म्हटले. मजुरी दिवसाची ठरली होती, ती त्याने तेव्हाच पुन्हा एकदा सर्वांसमोर बोलून घेतली. याचे महत्त्व पुढे सांगतो.

वाटेत पुढे तो आणि सर्वांत शेवटी पुतण्या. दोघांच्या मध्ये आम्ही. हे फार महत्त्वाचे आहे, बरं का. एकच वाटाड्या असला आणि तो पुढे राहिला, तर मागचा माणूस लघवीला थांबला काय किंवा फोटो काढत बसला काय, कोणाला पत्ता लागत नाही. दहा माणसांपर्यंत दोन वाटाडे असावेत. त्याहून जास्त माणसे असतील तर आणखी एक घ्यावा. प्रत्येक विसाव्याला माणसे मोजावीत. आमचा वाटाड्या गुरे मोजावीत तसा बोट दाखवून मोजत होता, त्याचे कोणाला वाईट वाटले नाही. चाल मात्र त्याने सर्वांत हळू चालणाऱ्याची धरली. आमच्या साठीच्या मित्राला त्याने पुढे, आपल्यामागे दुसरा घेतला, म्हणून बाकीचे आपोआप सावकाश चालले आणि कोणी कोणाला ओढले नाही.

गावाबाहेर पडताना त्याचीच खाचरे लागली. भात निसवत होते. आमच्यातल्या एकाने बांधावरून पाय घसरून दोन चूड तुडवले तेव्हा वाटाड्या थांबला आणि म्हणाला, “बांधाच्या मधनं चाला, कडेनं नको, बांध ढासळतो.” पाहुण्यांना रोखून ठेवायचे नाही, पण पिकातून जाऊही द्यायचे नाही. जिथे वाट शेतातून जाते तिथे दोन दगड उभे करून चुना लावून ठेवा. दर आठवड्याला शे-दोनशे पाय एकाच बांधावरून गेले तर पाऊस ओसरेपर्यंत बांध उरत नाही, आणि बांध गेला की पाणी जाते. हा खर्च कोणी हिशेबात धरत नाही. तो धरावा, आणि गावाच्या वर्गणीतून त्या शेतकऱ्याला बांध घालून द्यावा.

पुढे वाट कातळाच्या पोटाखालून जाते. डोक्यावर कडा पुढे आलेला असतो आणि पावसात त्यावरून पाणी गळते. मोठी मजेची जागा. पाहुण्यांना तिथे थांबावेसे वाटते, फोटो काढावेसे वाटतात. वाटाड्याने थांबू दिले नाही. संततधार पावसात कपारीतली माती भिजून सैल होते आणि दगड सुटतात. वर माकडे असली तर त्यांच्या पायानेही सुटतात. अशी जागा एकेकाने, बोलत न बसता ओलांडावी आणि पलीकडे उघड्यावर जमावे.

वर गेल्यावर धुके आले. आता सह्याद्रीतले धुके तुम्हाला मी काय सांगणार? पण तुमच्या अंगवळणी पडलेली गोष्ट पाहुण्याला ठाऊक नसते, एवढेच लक्षात ठेवा. त्याला समोर पाऊलवाट दिसली की ती वाट वाटते. तुम्हाला कळते की यातली एक माणसाची आहे आणि दुसरी ढोरवाट आहे. ढोरवाट उतारावर आडवी जाते, गवत धरून जाते आणि कुठेतरी गवतातच संपते. शहरातली पोरे चुकतात ती बहुधा अशाच ठिकाणी. दुसरी खूण वाऱ्याची. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे गडावर कोकणकड्याच्या बाजूने. धुक्यात तोंडावर वारा घेऊन चालत राहिलात तर कड्याकडे चाललात असे समजा. आमच्या वाटाड्याने ही खूण आम्हाला सांगितली आणि प्रत्येकाकडून वदवून घेतली. पाहुण्याला थोडे शिकवले म्हणजे आपली मजुरी बुडते असे काही जणांना वाटते. तसे काही नाही. ज्याला डोंगर थोडा कळतो तोच वाटाड्याची किंमत जाणतो.

देवळाच्या अलीकडे ओढे लागतात. एका ओढ्यापाशी वाटाड्या उभा राहिला. पाणी पिंढरीपर्यंत होते, उतरण्यासारखे दिसत होते. पण सकाळी नितळ असणारे पाणी गढूळ झाले होते आणि त्याबरोबर पालापाचोळा, काटक्या वाहत येत होत्या. म्हणजे वर कुठेतरी जोराचा पाऊस पडला आहे. डोंगरातले ओढे घटकाभरात फुगतात. पिंढरीचे पाणी मांडीला येते, आणि ओढीचे पाणी गुडघ्याच्या वर गेले की चांगल्या गड्याचाही पाय सुटतो. शिवाय आत्ता ओलांडले तरी दुपारी परतायचे कसे, हा प्रश्न होताच. त्याने घड्याळ पाहिले. पावणेबारा झाले होते. म्हणाला, “इथनं मागं.”

आमच्यातला एक जण चिडला. बरोबरच होते त्याचे! लांबून आला होता, रजा काढून आला होता, आणि देऊळ अर्ध्या तासावर राहिले होते. तो म्हणाला, “हात धरून नेता येईल की.” वाटाड्याने आवाज चढवला नाही. “देऊळ उद्याबी तिथंच राहनार हाय, सायेब,” एवढेच म्हणाला आणि पुतण्याला पुढे व्हायला सांगून आम्हाला वळवले. आम्ही खाली आलो. मागून पाणी चढले की उतरले ते पाहायला कोणी थांबले नाही. त्याच्या घरी गरम भात आणि कुळथाचे पिठले जेवलो, दिवसाची पुरी मजुरी दिली, आणि रागावलेल्या मित्राने संध्याकाळी त्याच्याकडूनच पाच किलो काळभात विकत घेतला.

आता मघाचा मजुरीचा मुद्दा. बंधूंनो, मजुरी शिखर गाठण्याची ठरवू नका, दिवसाची ठरवा. “वर नेले तर इतके, नाहीतर अर्धे” असा सौदा झाला की वाटाड्याच्या मनातच दोन माणसे भांडू लागतात. एक म्हणतो पाणी वाढले आहे, दुसरा म्हणतो पोराची फी भरायची आहे. अशा वेळी कोण जिंकेल हे तुम्हीही जाणता. म्हणून पैसे आधी, सर्वांसमोर, दिवसाचे ठरवावे आणि मागे फिरलो तरी पुरे मिळतील हे पाहुण्याच्या तोंडून वदवून घ्यावे. जो पाहुणा याला कबूल होत नाही त्याला नमस्कार करावा.

पण हे एकट्याने पाळून भागत नाही. तुम्ही मागे फिरवलेली मंडळी खाली येऊन शेजारच्या दारात उभी राहतात आणि म्हणतात, “दुप्पट देतो, तुम्ही न्या.” तिथेच गावाची परीक्षा आहे. एकाने नाही म्हटले तर दुसऱ्याने त्या दिवशी त्या मंडळींना नेऊ नये, हा नेम ग्रामसभेत सर्व वाटाड्यांनी मिळून करावा. आणि जो मोडील त्याची पाळी महिनाभर बंद. यात भाऊबंदकी आणू नका. भावकीच्या भांडणात ओढ्याचे पाणी कमी होत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याकडची सहा जणांची मंडळी तोलार खिंडीच्या बाजूने याच गडावर निघाली होती. पाऊस आणि धुक्यात ती वाट चुकली, भिजलेल्या अवस्थेत जंगलात अडकली आणि त्यातला एक तरुण थंडीने गेला. कड्यावरून पडला नाही, पाण्यात वाहून गेला नाही. थंडीने गेला. आपल्याकडे थंडीने माणूस मरतो हे पटत नाही, कारण आपण पावसात रोज भिजतो. पण आपण काम करत भिजतो, डोक्यावर इरले नाहीतर घोंगडी असते आणि संध्याकाळी चूल असते. दमलेला, उपाशी माणूस वाऱ्यात ओल्या कपड्यांनी बसून राहिला की अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. तो आधी कुडकुडतो, मग बोबडे बोलू लागतो, पाय अडखळतात, आणि पुढे कुडकुडणे थांबते. थांबले म्हणजे बरे वाटले असे समजू नका, तेव्हाच धोका जास्त. अशा माणसाला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावे, घोंगडीत गुंडाळून जमिनीवर नव्हे तर गवतावर किंवा पिशव्यांवर ठेवावे, शेजारी एक माणूस बिलगून बसावा. शुद्धीत असेल तर गोड गरम चहा द्यावा. हातपाय जोराने चोळू नयेत आणि दारू तर मुळीच देऊ नये. दारूने अंग गरम झाल्यासारखे वाटते, पण आतली ऊब बाहेर जाते. पावसाळ्यात वाटाड्याच्या खांद्यावर एक घोंगडी आणि खिशात गुळाचा खडा असावाच.

सापाचेही सांगून टाकतो. या डोंगरात फुरसे आहे, घोणस आहे. चावल्यास चिरायचे नाही, चोखायचे नाही, आवळून दोरी बांधायची नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू न देता माणसाला उचलून न्यावे आणि ज्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे तिथे पोचवावे. ती लस कुठे आहे हे आज विचारून ठेवा, चावल्यावर नव्हे. १०८ वर रुग्णवाहिका मिळते आणि ११२ वर मदत. पण वर फोनला रेंज कुठल्या दगडावर उभे राहिल्यावर मिळते, हे गावातल्या प्रत्येक वाटाड्याला ठाऊक हवे.

आग्या मोहोळाची पोळी कड्याकपारीत असतात. तिथे धूर नको, आरडाओरडा नको, दगड मारणे नको, आणि अंगाला अत्तर लावून आलेल्या पाहुण्यास मागे ठेवा. माश्या उठल्याच तर तोंड-डोके झाकून तिथून लांब व्हावे, पण कड्याकडे पळू नये. कोकणकड्याच्या काठाला उभे राहून खाली पाहू देऊ नका. काठ आतून पोकळ आहे आणि त्यावरचे गवत ओले असते. पोटावर झोपूनच पाहायचे आणि मागे एकाने पाय धरायचे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात, तेव्हा माथ्यावर थांबू नये आणि लोखंडी कठडे धरू नयेत.

आता गावाच्या कारभाराकडे येतो, कारण खरी ओढाताण तिथे आहे.

एकदा आमच्या पाहण्यात असा एक जथा आला. एका शहरी आयोजकाने माणशी पैसे घेऊन साठ माणसे गाडीने आणली होती आणि गावातला एकच वाटाड्या घेतला होता. त्या एका माणसाने साठ जणांना पुढून नेले, मागे कोण राहिले ते देवाला ठाऊक. रात्री कड्यावर तंबू, मोठ्याने गाणी आणि सकाळी प्लॅस्टिकचा ढीग. वाटाड्याच्या हातात पडली ती एका दिवसाची मजुरी. मी आयोजकांच्या विरुद्ध नाही. नीट काम करणारेही आहेत, आणि पाहुणे आणायला कोणीतरी लागतेच. पण अटी गावाने घालायच्या की आयोजकाने, हे ठरले पाहिजे. डोंगर ओळखणारे तुम्ही आहात. किती माणसांना किती वाटाडे, कुठे मुक्काम करायचा, कुठे नाही, जेवण कोणाच्या घरी, कचरा कोण खाली आणणार, हे कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह आयोजकाच्या हातात द्या. अभयारण्यातले नियम वनखात्याचे असतात. प्रवेश, मुक्काम, जाळ यांबाबत वनरक्षकाशी बोलून घ्या आणि तेही त्याच कागदावर लिहा. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले आहे. ज्यांना घरी रीतसर पाहुणे ठेवायचे आहेत त्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करावी.

दुसरी गोष्ट पाळीची. समजा, एका रविवारी पंधरा गट आले आणि वाटाडे बारा घरांत आहेत. पाळी नसेल तर रस्त्यालगतच्या तीन घरांना त्यातले बारा गट मिळतात आणि वरच्या वाडीतल्या नऊ घरांच्या वाट्याला तीन राहतात. मग वरच्या वाडीचा माणूस बसथांब्यावर येऊन गिऱ्हाईक ओढू लागतो, भाव पाडतो, दोन वाटाड्यांचे काम एकटा करतो. भाव पडला की पहिला बळी मागच्या माणसाचा जातो, म्हणजे तो जो शेवटी चालून माणसे मोजतो त्याचा. तेव्हा गावात एक वही ठेवा, घरांची पाळी लावा आणि प्रत्येक गटामागे ठरलेली रक्कम वेगळ्या डब्यात टाका. त्या डब्यातून बांध, वाट, दोर, प्रथमोपचाराची पेटी आणि कचऱ्याची पोती.

तिसरी गोष्ट शेतीची. पाहुण्यांची सर्वांत मोठी गर्दी पावसाळ्यात, नेमकी आवणीच्या दिवसांत. घरातला धट्टाकट्टा गडी पाहुण्यांबरोबर गडावर आणि चिखलात बायका-म्हातारी, असे होऊ लागले आहे. रोपाचे वय निघून गेले, आवणी आठ-पंधरा दिवस लांबली, तर फुटवे कमी येतात आणि उताऱ्यात घट पडते. एका रविवारच्या मजुरीत ती तूट भरते की नाही, याचा हिशेब घरी बसून करा. सावडीची जुनी पद्धत इथे कामाला येईल. ज्याची पाळी गडावर असेल त्याच्या खाचरात सावडीची माणसे उतरावीत आणि त्याने ती पुढच्या आठवड्यात फेडावी. आणि खरोखरच हात कमी असतील तर त्या रविवारी गट कमी घ्या. पुढच्या पाटीवर लिहून टाका: आवणी चालू आहे, आज वाटाडे शिल्लक नाहीत. पाहुणा रागावणार नाही. एखाद्याला आवणी पाहायची असेल तर तोच चिखलात उतरेल.

भगिनींनो, आता तुमच्याशी. चाळीस भाकऱ्या थापणारी बाई आणि वाट दाखवणारा बाप्या यांत कष्ट कोणाचे कमी? तरी पैसे मात्र त्याच्या खिशात जातात. जेवणाचे पैसे वेगळे ठरवा आणि ते जेवण करणारीच्या हातात द्या. बचत गट असेल तर जेवणाचे काम गटाने पाळीने घ्यावे. आणि एक सांगतो, शहरातल्यासारखे करायच्या मागे लागू नका. पाहुण्याला पनीर त्याच्या घरी मिळते. तुमच्याकडची नाचणीची भाकरी, वरईचा भात, खुरासणीची चटणी, पावसाळ्यातल्या रानभाज्या हे त्याला मिळत नाही. रानभाजी मात्र ओळखीचीच घाला आणि नीट शिजवा. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पाहुणे त्यांचे नाव ऐकून येतात आणि विचारतात, “तुमच्याकडे असे जुने बियाणे आहे का?” आहे की! कणगीत पडून आहे. काळभात, जिरवेल, नाचणी किलो-दोन किलोच्या कापडी पिशवीत बांधून ठेवा, वर वाणाचे नाव आणि गावाचे नाव लिहा. वाट दाखवण्याच्या मजुरीपेक्षा या पिशव्यांनी जास्त मिळकत होते असे मला तरी दिसते, आणि तिच्यासाठी घर सोडून गडावर जावे लागत नाही.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. या डोंगरांचे पूर्वेकडचे पाणी मुळा नदीला जाते आणि पुढे राहुरीकडच्या मुळा धरणात. म्हणजे गडावरच्या ओढ्यात टाकलेली घाण खालच्या शेतकऱ्याच्या पाटात जाते. त्याआधी ती आपल्याच गाईच्या पोटात जाते. खाऱ्या चवीच्या रिकाम्या पिशव्या गुरे चघळतात, त्या पोटात साठून राहतात आणि जनावर खंगते. पाहुण्यांनी वर नेलेली प्रत्येक बाटली, पिशवी खाली आलीच पाहिजे. निघताना मोजा, परतल्यावर मोजा. शौचाला ओढ्यापासून आणि टाक्यांपासून लांब जायला सांगा, खड्डा करून मातीने झाकायला सांगा. पौषानंतर गवत वाळते. तेव्हा विडी-सिगारेटची एक ठिणगी पुरते. वणवा लागला की वैरण गेली, हिरड्याची रोपे गेली, आणि कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते, ती जळाली की पुढचे सगळेच लांबले.

मृगाआधी एक दिवस सर्व वाटाड्यांनी एकत्र बसावे. पावसाळ्यात कोणत्या वाटा बंद ठेवायच्या ते ठरवावे, दोर आणि पेटी तपासावी, नव्या पोरांना जुन्यांनी एकदा पूर्ण वाट फिरवून आणावी. आणि गावातल्या शेवटच्या घरी, जिथून गडाची वाट सुरू होते तिथे, एक वही आणि पेन दोरीने बांधून ठेवावे. वर जाणाऱ्या प्रत्येक गटाने त्यात माणसे किती, वाटाड्या कोण, कोणत्या वाटेने गेले, किती वाजता निघाले, आजच परतणार की मुक्कामाला, आणि घरचा एक फोन नंबर लिहावा. वाटाड्या न घेता जाणाऱ्यांनीही लिहावे, त्यांनी तर आधी लिहावे. परत आले की नावावर रेघ मारायची. दिवेलागणीला त्या घरच्या कोणीतरी वही उघडून पाहायची. आजच परतणाऱ्यांपैकी एखाद्या नावावर रेघ नसेल तर सकाळची वाट न पाहता त्या दिवसाच्या पाळीच्या वाटाड्याला उठवायचे, दोघांनी बॅटरी आणि घोंगडी घेऊन निघायचे, आणि तिसऱ्याने ११२ वर फोन करून पोलीस पाटलाला कळवायचे.